पुराआधी उपकेंद्रांची कंट्रोल रूम उंचावर न्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की कोल्हापुरात माणसे आणि जनावरे हलवण्याची धावपळ सुरू होते. ती हवीच. पण नदीकाठच्या वीज उपकेंद्रांचे काय, हे त्या दिवशी विचारून काही साधत नाही. तो प्रश्न उन्हाळ्यातला आहे.

२०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा तिथवर पोचले. शहरासाठी नदीतून पाणी उचलणारी बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रे बंद पडली आणि ज्यांच्या दारात पुराचा थेंबही आला नव्हता, ती कुटुंबेसुद्धा टँकरच्या रांगेत उभी राहिली.

उपकेंद्रात पाणी शिरले की ट्रान्सफॉर्मर गेला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेलाने भरलेली ती बंद टाकी थोडाफार तग धरते. खरा घात होतो कंट्रोल रूममध्ये: पॅनेल, बिघाड ओळखणारे रिले, वीजप्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरची यंत्रणा, बॅटऱ्या. शिवाय फाटकाशी वाळूची पोती रचून भागत नाही, कारण केबल ट्रेंचमधून, म्हणजे जमिनीखाली केबल टाकलेल्या चरांतून, पाणी आतूनच वर येते. पूर ओसरला तरी गाळ काढणे, सगळे धुऊन वाळवणे, इन्सुलेशन तपासणे हे झाल्याशिवाय वीज सोडता येत नाही. छातीभर पाण्यातून आणि होडीतून जाऊन वायरमन हे करतात. त्यांच्या जिवाची जोखीम तरी आपण कमी करायला नको का?

अख्खे उपकेंद्र हलवायला जागा आणि पैसा दोन्ही अवघड, हे मान्य. पण कंट्रोल रूम खांबांवर, २०१९ च्या पातळीच्या वर नेता येते. केबलच्या वाटा घट्ट बंद करता येतात, आत शिरलेले पाणी उपसणारा पंप आणि त्याचे डिझेल जनित्र उंचावर बसवता येते. इंग्लंडमध्ये जुलै २००७ च्या पुरात ग्लॉस्टरजवळच्या वॉलहॅम उपकेंद्राभोवती लष्कर आणि अग्निशमन दलाने घाईघाईने तात्पुरता बांध उभारला आणि सुमारे ५ लाख लोकांची वीज वाचवली. पुढे तिथे कायमची पूरसंरक्षक व्यवस्था झाली. आपल्याकडे तर दोन महापूर होऊन गेले.

पाणीयोजना आणि रुग्णालयांना वीज देणारी उपकेंद्रे आधी घ्यावीत. पूररेषेतील प्रत्येक उपकेंद्राची जोत्याची उंची, २०१९ ची पाणीपातळी आणि झालेले काम यांची यादी महावितरणने दरवर्षी मे महिन्यापूर्वी जाहीर करावी, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर