आकार सोडण्याआधी

नाशिक, पंचवटी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. 'घाट-देवळं पुरे झाली, आता गायतोंड्यांसारखं अमूर्त करायचंय,' हे तुझ्या पत्रातलं वाक्य मनात घर करून बसलंय. उतावीळ होऊ नकोस. आकार जमत नव्हता म्हणून चित्रकार वासुदेव गायतोंडे अमूर्ताकडे वळले नाहीत. नागपूरला १९२४ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, रेषा ठसठशीत, रंग सपाट. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास त्यांत स्वच्छ दिसतो. पुढे युरोपातला चित्रकार पॉल क्ली याचा प्रभाव आला, मग आकृती हळूहळू विरत गेली. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना पटत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, असं म्हणत.

आपल्या नाशकात शिवाजी तुपेंनी जलरंगातल्या निसर्गचित्राची केवढी मोठी वाट घालून दिली आहे! ती टाकायची नाही, तिच्यावरूनच पुढे जायचं. रामकुंडाच्या पायऱ्या घे. डोळे किलकिले करून बघ, तपशील गळून तीनच छटा उरतील: ओल्या काळ्या दगडाची, कोरड्या पायरीची आणि पाण्यावरच्या उजेडाची. या तीन छटांत, बाह्यरेषा न काढता, पोस्टकार्डाएवढी दहा चित्रं कर. तिथल्याच दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आणि आडव्या पायऱ्या यांचं वजन नुसत्या छटांनी तोललं गेलं, की तू तयार झालास असं समज.

मग तैलरंग. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरायचे, वर्तमानपत्राचे फाडलेले कपटे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. दिसायला सोपं, पण बिघडतं इथेच. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, जवळजवळ तेलाशिवाय असू दे. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढव. उलट केलंस तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागाहून हलतो आणि भेगा पडतात. रोलर रंगात बुडवू नकोस. काचेवर पातळ पसरलेल्या रंगावर दोन-तीनदा फिरव, चिकट आवाज यायला लागला की पुरे. जास्त रंग घेतला तर रोलरच्या कडेने जाड पट्टा उमटतो, आणि तो पुसायला गेलं की खालचा थरही निघतो.

कपट्याची वेळ मात्र हातानेच शिकावी लागते. रंग फार ओला असताना दाबला तर कपटा घसरतो, कडा फिसकटतात. फार वाळला तर काही उचलतच नाही, उलट कागदाचे तंतू चिकटून बसतात. आधी कोपऱ्यात बोट टेकवून बघ: रंग बोटाला लागला, पण ओघळ आला नाही, तर हीच वेळ. कपटा सरळ वर उचल, ओढू नकोस. आणि कात्रीने कापू नकोस, हाताने फाड, म्हणजे कड मऊ उतरते.

आपल्याकडे आषाढ-श्रावणात थर लवकर वाळत नाही. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतो; गारठ्यात आणि बंद खोलीत तो रेंगाळतो. खिडकी उघडी ठेव. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा फार उशिरा, म्हणून खालच्या थरात काळा नकोच. गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत, हे विसरू नकोस. एक थर दिला की कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेव आणि दुसऱ्याला हात घाल.

दहा पोस्टकार्डं झाली की टपालाने पाठव. घडी घालू नकोस, पुठ्ठ्यात ठेव.

तुझाच,
सदाशिव