‘तिलावा’च्या २८० माणसांची नावं बॅलार्ड पिअरवर लावा

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

नोव्हेंबर १९४२. महायुद्ध पेटलेलं. मुंबईहून आफ्रिकेतल्या मोम्बासा-डर्बनकडे निघालेली ‘तिलावा’ ही आगबोट सेशेल्स बेटांच्या ईशान्येला भर समुद्रात होती. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट उतारूही न्यायची आणि मालही. त्या फेरीत ७३२ उतारू होते, २२२ खलाशी-अधिकारी होते, ४ तोफची होते. २३ तारखेला रात्री दोनच्या सुमारास ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. झोपेतली माणसं होड्यांकडे धावली. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण माघारी वर चढले. आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. ते परतून वर चढणं आठवलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेनं पाण्यातून उचललं आणि २७ तारखेला मुंबईत आणलं. २८० माणसं गेली.

याच ‘आय-२९’नं पुढच्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळ नेताजींना जर्मन पाणबुडीतून उतरवून घेतलं. नेताजींच्या त्या प्रवासाचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे ‘तिलावा’चं नाव घेताना आपण संकोचायचं कारण नाही.

बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चांदी होती. २०१७ मध्ये सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून तिच्या २,३६४ लगडी वर काढल्या गेल्या. ती वर काढणाऱ्या कंपनीच्या मोबदल्याचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला. लगडी एकेक करून मोजल्या गेल्या, महोदय. डेकवर वळकटी पसरून निघालेल्या उतारूंचा, इंजिनखोलीत राबणाऱ्या खलाशांचा हिशेब तितक्याच काळजीनं व्हायला नको का?

माझी मागणी एकच आहे. नौवहन महासंचालनालयानं उतारू आणि खलाशी दोन्ही याद्या जुन्या दप्तरांशी ताडून पाहाव्यात, आणि मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअर धक्क्याच्या क्रूझ टर्मिनलमध्ये, प्रवाशांच्या नजरेला पडेल अशा भिंतीवर, सगळी २८० नावं लावावीत. खलाशांची नावं वेगळी, खाली, बारीक अक्षरात नकोत. आणि देवनागरी, गुजराती, गुरुमुखी अशी ज्याच्या-त्याच्या घरच्यांना वाचता येईल त्या लिपीतही असावीत.

तेव्हा आईच्या कडेवर असलेली पोरं आज ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या २३ नोव्हेंबरच्या आत कामाला सुरुवात व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक मुंबईकर