कर्णाला न्याय, पण कोणाच्या पदरातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खलपात्रांवरचा लेख वाचला. भाषा चांगली, तळमळही खरी. वाईट वागणाऱ्या पात्राच्या मनात लेखकाने शिरावं, हेही पटलं. पण उदाहरण दिलं कर्णाचं, आणि तेही असं : द्रौपदीने भर स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणून झिडकारलं, ती जखम पुढे द्यूतसभेत बोलली. हे वाचून राहवलं नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ खपून, ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य पाठात हा नकार नाही. उलट अर्जुन उठतो तेव्हा ब्राह्मण आपसांत म्हणतात, कर्ण-शल्यांसारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही, ते या पोराला काय वाकणार! तरीही कादंबऱ्या, नाटकं, मालिका सगळीकडे तो नकार ठाण मांडून बसला आहे, कारण त्याने कर्णाच्या वागण्याला सोयीचं कारण मिळतं.

मी शाळेत मराठी शिकवत असे. एका आंतरशालेय एकांकिका स्पर्धेत आमच्या शाळेने कर्ण बसवला होता. कर्ण झालेला मुलगा गुणी होता. शेवटच्या स्वगताला प्रेक्षक रडले, परीक्षकांनी ‘कर्णाला आज न्याय मिळाला’ असं जाहीर सांगितलं. विंगेत द्रौपदी झालेली नववीतली मुलगी नऊवारीच्या निऱ्या सोडत उभी होती. म्हणाली, “बाई, मला एकच वाक्य होतं.” ते वाक्य म्हणजे तो नकार. सभेच्या प्रवेशात तिला नुसतं पाठमोरं उभं केलं होतं. ‘आधी स्वतःला हरलास की मला?’ हा जो प्रश्न भीष्मांनाही सोडवता आला नाही, तो संहितेतून गाळला होता. आणि परतताना गाडीत मुलं आपसांत बोलत होती, “तिनंच आधी अपमान केला ना त्याचा.” तेराचौदा वर्षांची मुलं! ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, आजही येतो.

कर्णाबद्दल मला माया नाही असं कृपया समजू नये. नदीत सोडलेलं मूल, राजकुमारांच्या शस्त्रपरीक्षेत कृपाचार्यांनी कूळ विचारताच खाली गेलेली मान. आणि त्याला वाढवणारा म्हातारा अधिरथ लटपटत आला तेव्हा अंगदेशाच्या अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक सगळ्यांदेखत त्याच्यापुढे झुकवणं. हे वाचताना माझा आवाज वर्गात दरवर्षी कापायचा. व्यासांनी त्याला एवढं दुःख दिलं आहे, की वरून घालायची गरजच नाही. पण त्याच व्यासांनी सभापर्वही लिहिलं. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठून सांगतो की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला पोरकट ठरवून गप्प बसवतो तो कर्ण. तिला वेश्या म्हणतो तो कर्ण. पांडवांची आणि तिचीही वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. पुढे उद्योगपर्वात तो कृष्णापाशी कबूल करतो, की पांडवांना लागेल असं मी बोललो ते दुर्योधनाला खूश करायला, आणि त्याचा मला आज पस्तावा होतो. कारण त्याच्याच तोंडून आलेलं आहे. त्यात स्वयंवराचा उल्लेखही नाही. मित्राच्या उपकाराखाली दबलेला चांगला माणूस किती खाली जातो, हे त्या कबुलीत दिसतं, आणि नवं कारण चिकटवलं की नेमकं तेच पुसलं जातं. ‘तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?’ हा मोरोपंतांचा प्रश्न मग विचारायचा तरी कोणाला?

पात्राला सहानुभूती जरूर द्या. पण ती ज्या बाईवर अन्याय झाला तिच्या पदरातून काढून देऊ नका.

जाता जाता आणखी एक. पूर्वी पुरवणीतल्या लेखावरची पत्रं पुढच्याच रविवारी त्याच पानावर येत. आता ती आतल्या पानात, जाहिरातींतून उरलेल्या जागेत येतात, तीही छाटून. मागे माझ्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेदच गेला होता. या वेळी कापायचंच असेल तर भांडारकर आवृत्तीचा मजकूर कापावा, सभापर्वाचा ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा