सिंफनीची दखल मराठीतही घ्या

संपादक महोदय,
स. न.

आपल्या पुरवणीतली मैफलींची आणि नाटकांची परीक्षणे मी आवर्जून वाचतो. पण नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा नाट्यगृहात होणाऱ्या सिंफनीबद्दल, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताबद्दल, त्यात क्वचितच काही सापडते. २००६ साली स्थापन झालेल्या 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' या वाद्यवृंदाचे घर म्हणजे हे नाट्यगृह. वर्षातून साधारण दोन मोसम तिथे हे वादन होते आणि मराठी वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही, याचे वाईट वाटते.

हे संगीत आपले नाही, असे कुणी म्हणू नये. याच एनसीपीएत पु. ल. देशपांडे आणि डॉ. अशोक रानडे यांनी काम केले. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेले सिंफनीवादन घडवून आणले. हिंदी चित्रपटगीतांतली जी व्हायोलिन आपल्या कानात बसली आहेत, ती वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे होते. झाकीर हुसेन यांनी तबला आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी केलेली रचनाही २०१५ मध्ये 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'नेच प्रथम वाजवली.

शिवाय तिथे माइक नसतो. सुरुवातीला ओबो हे सनईसारखे फुंकवाद्य एक स्वर धरते, त्या स्वरावर सगळी व्हायोलिन लागत जातात आणि सभागृह भरून जाते. मागे टिंपनी हे मोठे नगारे वाजवणारा चामड्याला कान लावून हलकेच टिचकी मारत आपला सूर तपासत असतो. मैफलीत तबला ठोकून लावताना पाहिलेल्या माणसाला हे परके कसे वाटेल?

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. जागच्या जागी दाद देण्याची आपल्याला सवय; इथे एकाच रचनेचे अनेक भाग असतात आणि एक भाग संपला तरी टाळी वाजवायची नाही, सगळे भाग पुरे होईपर्यंत थांबायचे. हे आधी कुणी सांगितले नाही, तर नवा श्रोता बावरतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्यात कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला परतीच्या गाडीची चिंता असतेच.

म्हणून विनंती, की पुढच्या मोसमाआधी काय वाजणार आहे, त्यात काय ऐकावे, तिकीट किती, कार्यक्रम किती वाजता सुटतो, हे सांगणारा लेख छापावा. नंतर जाणकाराकडून परीक्षणही लिहून घ्यावे. वाद्यवृंदात आज बरेच वादक परदेशी आहेत. इथली मुले तयार व्हावीत म्हणून एनसीपीएतच संगीत अकादमी चालते. तिच्याविषयीही लिहावे. व्हायोलिन शिकू पाहणारी मुले मराठी घरांतही आहेत.

— एक वाचक, डोंबिवली