शनिवारी ‘राशोमोन’ : वेळेवर या

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, फोंड्यातल्या आपल्या नेहमीच्या हॉलवर, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा ‘राशोमोन’ (१९५०) हा चित्रपट दाखवत आहोत. रानात सामुराई, म्हणजे जपानी योद्धा, मरून पडलाय. दरोडेखोर, बायको, लाकूडतोड्या, प्रत्येकाची हकिगत निराळी. मेलेला सामुराईसुद्धा साक्ष देतो, एका बाईच्या अंगात येऊन. वाऱ्यावर उडणारे तिचे केस आणि तोंडून निघणारा पुरुषी आवाज! जत्रेत अंगात भार येताना पाहिलेल्यांनाही काटा येईल. लहान मुलांना आणू नका.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा. पहिली साक्ष चुकली तर पुढची तुलनाच करता येत नाही, म्हणून दार साडेसहालाच बंद होईल. पाऊस असेल तर घरून लवकर निघा. ज्यांनी आधी पाहिलाय, त्यांनी शेवट कुणाला सांगू नये, ही कळकळीची विनंती.