आधी हवेला वाट द्या, मग पाण्याचं बघू

संपादक महोदय,

गेमिंगचा संगणक स्वतः जुळवण्याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. प्रोसेसर आणि रॅमची निवड त्यात नीट समजावली आहे. कूलिंग मात्र 'शक्यतो लिक्विड कूलर घ्यावा' या एका ओळीत उरकले आहे, आणि लोक नेमकी तीच ओळ लक्षात ठेवून खरेदीला निघतात. लिक्विड कूलर म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटर या जाळीदार भागाकडे नेणारा कूलर. सगळे भाग ज्यात बसतात त्या पेटीचा, म्हणजे कॅबिनेटचा, तर लेखात उल्लेखही नाही.

संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून आधी वॅट मोजावेत. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर पूर्ण ताणाखालीही साधारण ८८ वॅटला थांबतो, गेममध्ये त्याहून कमीच घेतो. त्याच्या जोडीचे आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड एकटे २०० वॅट घेते. म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डाची, आणि कार्डाचे पंखे ती बहुतेक कॅबिनेटच्या आतच सोडतात. प्रोसेसरवर ३६० मिमीचा रेडिएटर चढवून या उष्णतेचे काहीच होत नाही. उलट तो पुढच्या बाजूला हवा आत घेणारा लावला, तर प्रोसेसरने तापवलेली हवा थेट कार्डाच्या वाट्याला येते.

अशा जोडीला १२० मिमी पंख्याचा, चार हीट पाइपचा (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर, म्हणजे धातूच्या पात्यांना पंखा लावलेला साधा कूलर, पुष्कळ झाला. कोअर आय९ १४९००के या प्रोसेसरची गोष्ट वेगळी. तो २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो, तिथे मोठा लिक्विड कूलर शोभेसाठी नसतो. पण फक्त गेम खेळायचे असतील तर हा प्रोसेसर घ्यावाच का? रायझन ७ ७८००एक्स३डी बहुतेक गेममध्ये त्याच्या तोडीस तोड चालतो आणि वीज कितीतरी कमी खातो.

लिक्विड कूलर घेतलाच, तर पंप हा पाण्याच्या फेऱ्यातला सर्वांत उंच बिंदू होता कामा नये. आतली थोडी हवा नेहमी वर जमते. ती पंपात शिरली की खळखळ सुरू होते, प्रवाह तुटतो आणि पंप लवकर जातो. रेडिएटर छताला लावणे उत्तम. पुढे लावायचा झाल्यास त्याची वरची कड पंपापेक्षा उंच हवी. नळ्यांतून काही वर्षांत थोडे पाणी झिरपतेच, म्हणून हा कूलर कायमचा नसतो. टॉवर कूलरचा पंखा गेला तर पंखा बदलायचा, बाकी धातूला काही होत नाही.

आता कॅबिनेट. पुढचा भाग जाळीचा हवा. समोर सलग काच आणि कडेला बोटभर फट असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण हवेच्या दृष्टीने ती बंद पेटीच. पुढून दोन १४० मिमी किंवा तीन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे बस्स. आत येणारी हवा किंचित जास्त ठेवावी, म्हणजे धूळ फटींतून न शिरता फिल्टरवर अडते. हवा पुरते की नाही याची परीक्षा सोपी आहे. अर्धा तास गेम चालवून कार्डाचे तापमान बघा, मग बाजूची काच काढून तेवढाच वेळ पुन्हा चालवा. तापमान ७-८ अंशांनी उतरले तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. मदरबोर्डला (मुख्य बोर्डाला) जोडलेले कॅबिनेटचे पंखे सहसा प्रोसेसरच्या किंवा बोर्डाच्या तापमानाकडे बघून फिरतात. गेममध्ये तापते कार्ड, आणि पंखे मात्र निवांत. फॅन कंट्रोल या मोफत सॉफ्टवेअरने ते कार्डाच्या तापमानाशी बांधता येतात. तेवढी खटपट नको असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्यांचा किमान वेग ५० टक्क्यांच्या आसपास धरावा.

खरेदीआधी मापे जुळवावीत. टॉवर कूलर साधारण १५५ ते १६५ मिमी उंच असतात आणि कॅबिनेटची मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात छापलेली असते. कार्डाची लांबी बघताना पुढच्या रेडिएटरचे २७ मिमी आणि पंख्यांचे २५ मिमी वजा करायला विसरू नये. उंच पत्र्याची रॅम कूलरच्या पंख्याला अडते, म्हणून शक्यतो साधी घ्यावी.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, वर सांगितलेल्या जोडीला चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा पुरतो. त्यावरचा 'गोल्ड' शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क जागीच जळते. कार्डाला १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत दाबून बसवावा आणि तोंडाशीच केबल वाकवू नये. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची उदाहरणे २०२२ साली आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर पुढे आली होती.

जुळणी करताना कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, ते पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायचा उष्णता वाहणारा लेप) लावण्याआधी बघावे. ही चूक हास्यास्पद वाटते, पण पहिल्याच दिवशी प्रोसेसर शंभर अंशांना टेकला तर कारण बहुधा हेच. पेस्ट वाटाण्याएवढी आणि स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. तेव्हा घाबरून वीज बंद करू नये, रॅमची जुळवाजुळव चालू असते.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास घटकांच्या यादीत कॅबिनेट आणि पंख्यांसाठी स्वतंत्र रकाना द्यावा, आणि तो कूलरच्या वर असावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक