अभियांत्रिकी प्रवेशाची कागदपत्रे अकरावीतच हाती घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत चांगले पर्सेंटाइल असलेली मुले मिळालेली जागा घालवून बसतात, आणि बऱ्याचदा कारण गुणांचे नसतेच. जात पडताळणीची फाइल समितीत अडकलेली असते, नॉन-क्रिमिलेअरची (उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत मार्चमध्येच संपलेली असते, नाहीतर दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नसते. या सगळ्या अटी आधीपासून ठरलेल्या आणि छापलेल्या आहेत. जूनमध्ये अर्ज भरताना त्या पहिल्यांदा वाचल्या जातात, ही खरी अडचण आहे. म्हणून हे पत्र आता अकरावी-बारावीत असलेल्या मुलांच्या पालकांसाठी, आणि त्याहून अधिक कनिष्ठ महाविद्यालयांसाठी.

सुरुवात पात्रतेपासून. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा २०० गुणांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे सगळे लक्ष तिकडे लागते आणि बारावी ‘नुसती पास झाली की झाले’ असे मुले धरून चालतात. तसे नाही. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ गुण लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२०. तिन्ही विषयांत पस्तीस-पस्तीस मिळवून पास झालेल्याचे १०५ होतात आणि सीईटीचा स्कोअर कितीही असला तरी तो अपात्र ठरतो. इंग्रजी आणि मराठीच्या गुणांनी एकूण टक्केवारी साठच्या पुढे गेली तरी इथे त्याचा उपयोग नाही.

याच अटीत आणखी एक खाच आहे. १२० ची सवलत प्रवर्गाच्या कागदपत्रांवर उभी आहे. समजा एखाद्याला १२८ गुण आहेत, त्याने राखीव जागेवर प्रवेश घेतला आणि जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही. मग तो खुल्या गटात धरला जातो, आणि तिथे १३५ ची अट त्याला लागू होते. म्हणजे राखीव जागा जातेच, शिवाय अभियांत्रिकीची पात्रताही जाते.

आता जात वैधता, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. सर्वाधिक प्रवेश इथेच अडखळतात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळाला म्हणजे काम झाले, असा समज अजून पक्का आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी तो दाखला जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने तपासून दिलेले वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत आणि तिथे वेळही जास्त लागतो. इतर प्रवर्गांच्या विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६ मध्ये, त्यासोबत महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा नमुना १५-अ, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र नमुना ३ मध्ये आणि कागदपत्रे खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र नमुना १७ मध्ये. अर्ज ऑनलाइन भरला तरी काम संपत नाही. त्याची छापील प्रत आणि कागदपत्रे समितीकडे पोहोचली आहेत ना, ते पाहावे लागते.

फाइलचा कस लागतो तो जुन्या पुराव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव, म्हणजे पुराव्यासाठी शासनाने धरलेल्या, तारखा आहेत. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या घराण्यातला, जातीची नोंद असलेला पुरावा हवा. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतो. नसेल तर गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुने फेरफार. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांची नोंद चालते, पण मग वंशावळीत ते नाते स्पष्ट दिसले पाहिजे. नोंद मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घेण्यात आणखी दिवस जातात.

नावांचे घोळ इथेच निघतात. रजिस्टरात ‘रामा गणू’, वडिलांच्या दाखल्यावर ‘रामचंद्र गणपत’ आणि मुलाच्या दाखल्यावर आडनाव वेगळ्या स्पेलिंगने. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे दाखवणारा कागद (सातबारा, फेरफार, जुनी मतदार यादी, जे असेल ते) आणि प्रतिज्ञापत्र नसेल तर समिती त्रुटी काढते. ही त्रुटी अर्जदाराच्या लॉगिनवर किंवा एसएमएसने कळवलेली असते. अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर भरलेला असेल तर ती घरापर्यंत येतच नाही, आणि पालक ‘समितीकडे पेंडिंग आहे’ म्हणून वाट पाहत राहतात. अर्जात नंबर स्वतःचाच द्यावा, एवढी एक गोष्ट केली तरी कितीतरी फाइली मार्गी लागतील.

वडील, सख्खे काका किंवा सख्खे चुलत भावंड यांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर ते जोडावेच. काम पुष्कळ सोपे होते. नसेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाऊ शकते आणि मग गृहचौकशी होते. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी सापडून ज्यांना नव्याने दाखले मिळाले, त्यांच्या घरात वैधता असलेले आधीचे कोणी नसते. या मुलांनी तर एक दिवसही दवडू नये. शासन बऱ्याचदा मुदतवाढ देते, पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, हे खरे. पण त्या मुदतवाढीच्या भरवशावर अर्ज जूनमध्ये करणे म्हणजे चार वर्षांचे शिक्षण एका पावतीवर टांगणे. शिवाय एकाच अध्यक्षाकडे दोन-तीन जिल्ह्यांच्या समित्या असतात तिथे सहीसाठीही फाइली थांबतात, त्यावर विद्यार्थ्याचा काहीच इलाज चालत नाही.

नॉन-क्रिमिलेअरची गोष्ट लहान आहे, पण चुका भरपूर. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना, एसईबीसीसह (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग), ते लागते, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. जानेवारीत घाईने काढलेला एक वर्षाचा दाखला येत्या मार्चअखेर संपणारा असेल तर जूनच्या प्रवेशाला तो कामाचा नाही. काढताना खालची ‘वैधता’ ही ओळ सेतू केंद्रातच वाचून घ्यावी. दुसरे, ८ लाखांची मर्यादा पाहताना पगार आणि शेतीचे उत्पन्न त्यात मोजायचे नसते. आई-वडिलांच्या पदाचा दर्जा मात्र वेगळा तपासला जातो. वडील कारकून किंवा शिक्षक, पगार ८ लाखांवर, म्हणून अर्जच न करणारी कुटुंबे आजही आहेत. ईडब्ल्यूएसचे गणित याच्या उलट आहे: तिथे पगार, शेती, धंदा सगळे धरून कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. दोन्हींत आकडा ८ लाखांचाच, म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो.

आयआयटी किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जोसा, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या सामायिक जागावाटप प्रक्रियेत जायचे असेल तर राज्याचे हे दाखले चालत नाहीत. केंद्राच्या नमुन्यातले, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले दाखले लागतात, आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. एसईबीसी हा प्रवर्ग तिथे नाहीच.

महाराष्ट्राचा उमेदवार कोण, हेही अनेकांना शेवटी कळते. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि जन्म इथला किंवा अधिवास इथला असेल तर तो ‘टाइप ए’. दहावी गोव्यात किंवा इंदूरला झाली असेल तर तो ‘बी’मध्ये जातो आणि स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास दाखला लागतो. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आणि महाराष्ट्रात बदलून आलेल्या पालकांच्या मुलांसाठी ‘सी’, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘डी’. आणि बेळगाव, निपाणी, कारवार भागातल्या वादग्रस्त ८६५ गावांमधील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी ‘टाइप ई’ आहे. सीमाभागातल्या कितीतरी घरांना ही सोय ठाऊकच नाही. तिथल्या मराठी शाळांनी ती फलकावर लावावी.

अकरावीला लातूर-नांदेडला शिकायला पाठवणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशात विद्यापीठनिहाय वाटणी असलेल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठक्षेत्रातल्या आणि ३० टक्के बाहेरच्या मुलांसाठी होत्या, आणि टाइप ए मुलाचे क्षेत्र ठरते ते बारावी कुठून केली यावरून. साताऱ्याचा मुलगा लातुरातून बारावी झाला की त्याचे क्षेत्र नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. घराजवळच्या, अशी वाटणी असलेल्या महाविद्यालयात तो ‘बाहेरचा’ होतो. कट-ऑफच्या यादीत ‘जीओपनएच’, ‘जीओपनओ’, ‘जीओपनएस’ अशी जी अक्षरे दिसतात त्यातले शेवटचे अक्षर हेच सांगते: एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे इतर, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीचे ‘एल’ मुलींच्या जागांचे. एचचा कट-ऑफ बघून ओ-वाल्याने आशा धरली की निराशा ठरलेली.

ई-स्क्रुटिनीत (ऑनलाइन कागदपत्र तपासणीत) कागद अपलोड केले म्हणजे अर्ज पक्का होत नाही. स्थिती ‘कन्फर्म’ दिसेपर्यंत दररोज लॉगिन पाहावे. फोटो काढून टाकलेल्या दाखल्याचा बारकोड किंवा खालची तारीख कापली गेली की अर्ज परत येतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतींसाठी मोजकेच दिवस असतात. प्रवर्ग, बारावीचे विषयवार गुण, उमेदवारीचा प्रकार, टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीची जागा) हवे आहे की नाही, हे चार रकाने तेव्हा स्वतः तपासावेत. अंतिम यादीनंतर ते बदलणे दुरापास्त.

पसंतीक्रमात ३०० पर्यंत पर्याय देता येतात आणि वर मोठे महाविद्यालय लिहिल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. त्यामुळे ‘सेफ’ म्हणून मिळण्यासारखे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे ही सर्वात महाग पडणारी चूक. २०२५-२६ पासून तर फेऱ्या चार झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. जिथे खरोखर शिकायचे आहे तेच वर, त्याच क्रमाने. जागा मिळाल्यावर स्वीकृतीचे १,००० रुपये भरले, पण संस्थेत जाऊन मूळ कागदपत्रांसह हजेरी लावली नाही, तरी प्रवेश होत नाही.

शुल्काबद्दल एकच सांगणे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावर, म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खासगी विद्यापीठाला ही सवलत नाही. विकास शुल्क आणि वसतिगृह वेगळे भरावे लागते, याचीही आधीच तजवीज ठेवावी.

कनिष्ठ महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे की अकरावी विज्ञानाच्या प्रवेशाच्या दिवशीच राखीव प्रवर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला नमुना १५-अ सही करून हाती द्यावा आणि दिवाळीपर्यंत समितीची पावती जमा करून घ्यावी. समित्यांनी विद्यार्थ्यांच्या त्रुटी महाविद्यालयालाही कळवाव्यात. सीईटी कक्षाने कागदपत्रांची यादी आणि दाखल्यांचे नमुने परीक्षेच्या अर्जासोबतच, मराठीत, प्रसिद्ध करावेत. प्रवेशाचे माहितीपत्रक येईपर्यंत सुट्टीतले ते महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात. आणि आपल्या वृत्तपत्राने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नॉन-क्रिमिलेअरची मुदत आणि वैधतेची पावती, या दोनच गोष्टींवर एक ठळक चौकट छापावी.

आपले,
अभियांत्रिकी प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीत काम करणारे काही शिक्षक